सुप्याच्या वह्या आणि आपले हप्ते

वर्तमानपत्रातली "ताबा नोटीस" आपल्यापैकी किती जण वाचतात? बारीक अक्षरांत एक चौकट असते. कर्जदाराचे नाव, सदनिकेचा क्रमांक, गट नंबर, चतुःसीमा, थकलेली रक्कम आणि शेवटी "तमाम जनतेस कळविण्यात येते की..." पुण्यातल्या अंकांत अशा चौकटी नेहमी दिसतात. वाकड, वाघोली, धायरी, कात्रज. आपण पान उलटतो. मी इतिहास शिकवत असे, म्हणून असेल, पण ती चौकट दिसली की मला पुणे जिल्ह्यातलेच एक जुने गाव आठवते. ते गाव म्हणजे सुपे.

मोरगावच्या मयूरेश्वराला चौफुल्यावरून जाणाऱ्यांना सुपे वाटेत लागते. शहाजीराजांची "पुणे-सुपे" जहागीर म्हणतात त्यातले हे सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, इथे आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. चोवीस तासांच्या आत जवळच्या दुसऱ्या एका गावात सावकाराचे घर जाळले गेले. मग हे लोण इंदापूर, शिरूर आणि नगर जिल्ह्यातल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. पाठ्यपुस्तकात याला "दख्खनचे दंगे" म्हणतात. आमच्या वेळच्या पुस्तकात त्यावर जेमतेम दोन-तीन ओळी असत, आणि मुले "कारणे लिहा" या प्रश्नासाठी त्या पाठ करीत.

पण मंडळी, त्या दोन-तीन ओळींत मुख्य गोष्टच राहून जाते. या लोकांना काय हवे होते? त्यांना कागद हवे होते. सावकाराच्या वह्या, कर्जरोखे, गहाणखते, न्यायालयाचे हुकूमनामे. ते सापडले की चावडीसमोर वा रस्त्यावर होळी. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगालाही हे जाणवले. एवढा मोठा जमाव, एवढा राग, आणि तरी माणसांवरची हिंसा फार थोडी. राग होता तो कागदावर.

का बरे? कारण तो कागद कर्जदाराला वाचता येत नव्हता, त्याची प्रत त्याच्याकडे नव्हती आणि त्यातली बेरीज कुणी केली, कशी केली, हे विचारण्याची सोय नव्हती.

एक उदाहरण देते. शिक्षिकेची सवय, चालवून घ्या! समजा एका शेतकऱ्याने शंभर रुपये काढले, दरसाल दरशेकडा २४ व्याजाने. (हे आकडे मी गणितापुरते घेतले आहेत.) १८५९ साली मुदतीचा कायदा आला. त्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू चांगला होता, जुन्या कर्जाचे व्याज वर्षानुवर्षे साचत राहू नये असा. प्रत्यक्षात झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई आणि थकलेले व्याज मुद्दलात घाली. शंभराचे तीन वर्षांनी १७२. या १७२ वर पुन्हा व्याज, म्हणजे सहा वर्षांनी २९६. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षांनी ८७५! आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता की व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. पण दर तीन वर्षांनी "मुद्दल"च नवे झाले, तर दामदुपट लावायची कशाला? मधल्या काळात शेतकऱ्याने दिलेले धान्य, कापूस, तूप कुठल्या भावाने जमा झाले, की झालेच नाही, हे वहीलाच ठाऊक. पावती देण्याची पद्धत नव्हती. खाली अंगठा मात्र शेतकऱ्याचा.

सावकार सगळेच दुष्ट होते असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिथला कापूस बंद झाला म्हणून इंग्लंडला आपला कापूस हवा झाला. भाव चढले, कर्जे हवी तितकी मिळू लागली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि सावकाराने हात आखडता घेतला. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपल्याने सरकारने जमिनीची फेरआकारणी केली आणि सारा बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून अधिक वाढवला. सारा रोखीने भरायचा, तोही ठरल्या तारखेला. शेतकरी सावकाराकडे धावला, तर तिथे नवे कर्ज नाही, जुन्याचा तगादा. पूर्वी गावात पंचांसमोर तडजोड होई. आता सावकाराला तालुक्याचे न्यायालय होते. समन्स शेतकऱ्यापर्यंत पोचले काय, न पोचले काय, तो हजर राहत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा निघे.

यातली एक हकीकत घराचीच आहे. शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला, त्यांच्या घराचा ताबा घेतला आणि घर पाडायला काढले. देशमुख हे गावातले मानाचे घराणे. राहते घर डोळ्यांदेखत उतरवले जात आहे हे गावाला सोसले नाही. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेते करायची नाहीत, त्यांच्या दुकानी जायचे नाही. न्हाव्याने, पाणक्याने त्यांचे काम करायचे नाही. ही बातमी गावोगाव गेली आणि पाच महिन्यांनी सुप्यात भडका उडाला. शेतीच्या कर्जाचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो, त्याची पहिली ठिणगी एका घराच्या ताब्यातून पडली होती.

दंगे मोडले, पण सरकारला स्वस्थ बसता येईना. आयोगाने अहवाल दिला आणि १८७९ साली "दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा" कायदा झाला. आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या चारच जिल्ह्यांसाठी. हा कायदा मुळातून पाहिला तेव्हा मला फार नवल वाटले. न्यायालयाने नुसत्या शेवटच्या रोख्यावर निकाल द्यायचा नाही. व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा हिशेब उघडायचा. मुद्दल वेगळे मांडायचे, व्याज वेगळे. व्याजावर व्याज धरायचे नाही. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. जी जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नाही ती लिलावात काढायची नाही. रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा आणि दावा लावण्याआधी समेट करणाऱ्या पंचाकडे जावे. आणि ज्या तरतुदी इतिहासाच्या पुस्तकांत कुणी सांगत नाही त्या अशा. कर्जदाराला प्रत्येक भरण्याची लेखी पावती मागण्याचा हक्क. वर्षाकाठी हिशेबाचे विवरण मागण्याचा हक्क. पासबुक मागण्याचा हक्क! सुप्यातल्या लोकांनी ज्या वह्या जाळल्या, त्या वह्यांत डोकावण्याचा हक्क त्यांना चार वर्षांनी कायद्याने दिला.

आपले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८८० च्या दशकात याच कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केले. जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरती करून खालच्या न्यायालयांचे काम तपासायचे, अशी ती नोकरी. रमाबाईंच्या आठवणींत त्या फिरतीचे दिवस आले आहेत. पुण्यातल्या वाड्यात बसून अर्थशास्त्र लिहिणारा माणूस आपण त्यांना समजतो, पण गावोगावचे रोखे त्यांच्या डोळ्यांखालून गेले होते.

कायदा झाला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. गहाणाला संरक्षण मिळाले, तेव्हा सावकार गहाणखत लिहून घेईनासे झाले. सरळ खरेदीखतच करून घेऊ लागले, आणि "पैसे परत दिलेस की जमीन परत" असा तोंडी शब्द. कागदावर विक्री, मनात गहाण. शब्द फिरला की जमीन गेली. मग कायद्यात नवे कलम घालावे लागले की शेतकरी पक्षकार असेल तर कागदावर काही का लिहिलेले असेना, खरा व्यवहार काय होता ते न्यायालयाने तोंडी पुराव्यानेही पाहावे. ही युक्ती आजही मेलेली नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही तारण म्हणून बळकावलेली मालमत्ता चौकशीअंती परत देण्याची तरतूद करावी लागली, ती त्यामुळेच.

आता घरांकडे वळते. शेतकऱ्याला १८७९ चा कायदा मिळाला, शहरातल्या घरमालकाला नाही. त्याच्यासाठी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. त्यातले एक तत्त्व फार सुंदर आहे. गहाण ते गहाणच. कर्ज फेडून वस्तू सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क करारात काही अट घालून मारून टाकता येत नाही. आज आपण गृहकर्ज घेतो तेव्हा बहुतेक वेळा घराची मूळ कागदपत्रे बँकेत ठेवतो. तेही गहाणच, फक्त दिसत नाही इतकेच.

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. तो एकदा म्हणाला, "मावशी, माझा हप्ता वाढला, कारण एस्क्रोमध्ये तूट आली." मला काही कळेना. त्याने समजावले ते असे. तिकडे कर्ज देणारी कंपनी दरमहा हप्त्याबरोबरच घरपट्टी आणि घराच्या विम्याचे पैसे आगाऊ घेते, एका वेगळ्या खात्यात ठेवते आणि वेळ आली की परस्पर भरते. त्या खात्याचे नाव एस्क्रो. आपल्याकडे अशी रीत नाही, महापालिकेचा मिळकतकर आपला आपण भरायचा. तिथे भांडणे होतात ती अशी की कंपनीने कर वेळेवर भरला नाही, किंवा अंदाज जास्त धरून हप्ता फुगवला. १९७४ च्या त्यांच्या कायद्यानुसार कंपनीला त्या खात्याचे वार्षिक विवरण द्यावे लागते. तरीही २००८ च्या मंदीनंतर तिथे लाखो घरे गेली, आणि २०१० मध्ये उघड झाले की कंपन्यांची माणसे जप्तीची प्रतिज्ञापत्रे न वाचताच, दिवसाला शेकड्यांनी, सह्या करून न्यायालयात देत होती. २०१२ साली पाच मोठ्या कंपन्यांना ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. तिथला कर्जदार शिकलेला, इंग्रजी वाचणारा. पण कागद न वाचता सही, आणि हिशेब दुसऱ्याच्या हातात, हे सुप्यासारखेच.

एक गंमत सांगते. अमेरिकेत "फोरक्लोजर" म्हणजे घर जप्त होणे. आपल्या बँकांत "फोरक्लोजर" म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून मोकळे होणे! एका देशात त्या शब्दाने रडू येते, दुसऱ्या देशात पेढे वाटतात.

असो. आपल्याकडे घराचा ताबा जातो तो २००२ च्या सरफेसी कायद्याने. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते बुडीत धरले जाते. मग साठ दिवसांची मागणी नोटीस. त्यानंतर न्यायालयात न जाता बँक ताबा घेऊ शकते. त्याचीच ती वर्तमानपत्रातली चौकट. दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. सुरुवातीला या कायद्यात अशी अट होती की दाद मागायची तर आधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरा. ज्याच्याकडे हप्ता भरायला पैसे नाहीत त्याने ७५ टक्के कुठून आणायचे? ८ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मार्डिया केमिकल्स खटल्यात ती अट रद्द केली आणि सांगितले की कर्जदाराने हरकत घेतली तर बँकेने तिचा विचार करून कारणासह उत्तर दिले पाहिजे. आता ते उत्तर पंधरा दिवसांत द्यावे लागते. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणात जाता येते, ते पुण्यात आहे. आणि याच कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे. १८७९ ची सावली अजून शेतावर आहे, फ्लॅटवर नाही.

हे सगळे मी एवढ्या तपशिलाने का लिहिते आहे? आमच्या नात्यातल्या एका मुलीवर ही वेळ आली होती. तिची परवानगी घेऊन लिहिते, नाव मात्र तिचेही नाही आणि कर्ज देणाऱ्यांचेही नाही. नवऱ्याची नोकरी गेली, चार हप्ते थकले आणि साठ दिवसांची नोटीस आली. त्यातले चाळीस दिवस या दोघांनी कुणाला काही सांगितले नाही. लाज! शेजारी काय म्हणतील, सासरी काय वाटेल. ती माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "आत्या, आपण पैसे देणं लागतो ना, मग कुठल्या तोंडाने विचारायचं?" मी तिला म्हटले, "देणं लागतेस ते किती, एवढं तरी विचारशील की नाही?" मग ओळखीच्या वकिलांकडून लेखी हरकत गेली आणि पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागितला. उतारा आला त्यात दंड, दंडावर व्याज, भेटीचे शुल्क, विम्याचा हप्ता, असे बरेच काही होते. काही रकमा त्यांच्याच माणसांना समजावता येईनात, त्या निघाल्या. उरलेली थकबाकी टप्प्याटप्प्याने भरायची सवलत मिळाली. घर राहिले. कर्ज माफ झाले नाही, व्हायलाही नको होते. घेतलेले पैसे परत द्यावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मला वाटते, सुप्याच्या लोकांचेही हेच म्हणणे असावे. कर्ज घेतले हे त्यांना मान्य होते, त्यांना सावकाराची बेरीज मान्य नव्हती. दीडशे वर्षांत सावकार बदलला, मोडी जाऊन संगणक आला, अंगठा जाऊन ओटीपी आला. पण कर्ज देणाऱ्याकडेच वही आणि कर्ज घेणाऱ्याकडे नुसती भीती, हे जिथे जिथे असते तिथे गडबड होते.

म्हणून २०२३ साली रिझर्व्ह बँकेने दिलेले आदेश मला १८७९ च्या कायद्याचे नातू वाटतात. दंडाची रक्कम व्याजात मिसळायची नाही आणि तिच्यावर पुन्हा व्याज लावायचे नाही. बदलत्या व्याजदराच्या कर्जात हप्ता किंवा मुदत वाढणार असेल तर ते कर्जदाराला कळवायचे. दर तिमाहीला विवरण द्यायचे की मुद्दल किती फिटले, व्याज किती गेले, हप्ते किती उरले. आणि कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत घराची मूळ कागदपत्रे परत, उशीर झाला तर बँकेमुळे होणाऱ्या दिरंगाईच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये. हा शेवटचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आमचे कर्ज फिटले तेव्हा तो असता तर! शेवटचा हप्ता भरल्यावर आमचे कागद मिळायला सात महिने लागले होते. हे आणि मी आळीपाळीने खेटे घालत होतो, आणि दर वेळी "साहेब रजेवर आहेत" हे उत्तर.

तेव्हा घरातल्या तरुण मंडळींना, विशेषतः ज्यांनी नुकतेच फ्लॅट घेतले आहेत त्यांना, एवढेच सांगणे. तिमाहीचे विवरण ईमेलमध्ये येत असेल तर ते उघडा. कर्ज सुरू झाल्यापासून मुद्दल किती उतरले ते वर्षातून एकदा वहीत मांडा. व्याजदर वाढला तेव्हा तुमची मुदत किती वर्षांनी लांबली, हे पाहा. अनेकांना ते माहीतच नसते, कारण हप्ता तोच राहतो. कागद आत देताना त्यांची यादी सहीशिक्क्यासह घ्या. आणि देव न करो, पण कधी हप्ता थकला, तर पहिल्या महिन्यातच बोला. बँकेशी बोला, घरच्यांशी बोला. साठ दिवस फार लवकर संपतात.

आणखी एक विनंती ज्येष्ठांना. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद असतील. "जुनं काहीतरी" म्हणून ते रद्दीत देऊ नका. त्यात एखादे गहाणखत, एखादी फेडीची पावती असू शकते. सुप्याच्या वह्या जळून गेल्या, त्यामुळे त्यांत काय लिहिले होते ते आपल्याला कधीच कळणार नाही. निदान आपल्या घरातले तरी कुणी वाचून ठेवावे.